बाईंचा पाला

धायरीतल्या त्या घराच्या फाटकातून आत गेलं की फरशीवर एक लाल रेघ होती. सांडलेल्या रंगाची नव्हे. पट्टी लावून, दोन हात देऊन नीट मारलेली. रेघेच्या अलीकडे चपला काढायच्या आणि मग पलीकडच्या बागेत पाऊल टाकायचं. नवा माणूस हमखास विचारायचा, "आत देव आहे का?" त्यावर आमच्या घरमालकीणबाई म्हणायच्या, "नाही. अडुळसा आहे." आणि तो चपला काढेपर्यंत त्याच्या पायांकडे बघत उभ्या राहायच्या.

मी आणि माझा धाकटा भाऊ त्या घराच्या वरच्या खोलीत काही वर्षं भाड्याने राहिलो. मी बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात कामाला होते, अजूनही आहे; भाऊ जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. घर गुंठेवारीतलं, छोटंसं. पण बाजूला जी मोकळी पट्टी होती, जिथे आजूबाजूच्यांनी गाळे काढून भाड्याने दिले होते, तिथे बाईंनी पाला लावला होता. 'वनौषधी' हा शब्द त्यांना चालायचा नाही. तो बाटलीवर छापायचा शब्द आहे, म्हणायच्या. जमिनीत असतो तो पाला.

बाई खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीच्या कामावरून निवृत्त झालेल्या. स्फोटक माल भरायच्या खोल्यांच्या दाराशी अशी लाल रेघ असते, बाहेरचे जोडे बाहेर, आतले आत, अंगावर धातूची टाचणीसुद्धा चालत नाही, असं त्या सांगायच्या. नोकरी संपली, रेघ मात्र त्यांनी बरोबर आणली. केसांत आकडा नाही, हातात बांगडी नाही, पातळाला पिन नाही. लग्न केलं नव्हतं. भावंडांची शिक्षणं झाली तोवर 'मुहूर्त रिजेक्ट झाला', असं स्वतःच सांगायच्या आणि पुढचं विचारायची कोणाची छाती व्हायची नाही. त्यांना कोणी मावशी म्हटलं की, "मी तुमच्या आईची बहीण नाही," आणि काकू म्हटलं की, "तुमचे काका कोण?" त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना नुसतं बाई म्हणायची.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी आमची नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. डोळे मिटायला सांगितले आणि नाकाखाली एक चुरगळलेलं पान धरलं. "काय आहे?"

मी म्हटलं, "ओवा."

"ओवा वाण्याकडे मिळतो."

माझ्या भावाने वास घेतला आणि म्हणाला, "याची भजी होतात."

"किल्ली घ्या," बाई म्हणाल्या. पुढे अनेक वर्षं मला भावाकडून हे ऐकावं लागलं की ही खोली आपल्याला त्याच्या नाकामुळे मिळाली.

बागेत प्रत्येक झाडापाशी पत्र्याची पाटी होती. वरती काळ्या अक्षरांत नाव आणि उपयोग, खाली लाल अक्षरांत नकार. अडुळशाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'कफाच्या खोकल्याला, मधातून', आणि खाली लाल, 'ताप, थुंकीत रक्त, वजन उतरणे: याला नाही'. निर्गुडीवर, 'सांधे शेकायला', लाल, 'पोटात नाही'. दगडी पाल्यावर, 'खरचटल्याला', लाल, 'टाके पडतील अशा जखमेला नाही'. गवती चहाच्या पाटीवर तेवढं लाल काही नव्हतं. मी एकदा दुकानातून त्यांच्यासाठी घरगुती औषधांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यांनी ते रात्रीत वाचून सकाळी परत केलं. "यात लाल अक्षरंच नाहीत," म्हणाल्या. "प्रत्येक झाड सगळ्या रोगांवर. मग इतके दवाखाने काय हवा खायला उघडलेत?" पुस्तक मी दुकानात परत ठेवलं आणि ते दोन दिवसांत विकलं गेलं, हे त्यांना सांगितलं नाही.

सकाळी पाला मागायला माणसं यायची. बाई स्टुलावर बसायच्या आणि उलटतपासणी सुरू व्हायची. खोकला कधीपासून, सुका की ओला, आधी काय घेतलं, डॉक्टर काय म्हणाले, डॉक्टरांकडे गेलाच नाहीत तर का गेला नाहीत. लोक अक्षरशः घाम पुसायचे. एक गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, चार पानांसाठी इतकं? त्यापेक्षा दवाखाना परवडला." बाई म्हणाल्या, "मग तेच तर मी म्हणतेय." एवढं होऊन पानं मिळालीच तर शेवटची अट असायची: परत येऊन सांगायचं. "बरं वाटलं तर सवडीने या. नाही वाटलं तर आधी या." आणि जो यायचा नाही त्याला त्या भर रस्त्यात गाठायच्या. भाजीच्या गाडीपाशी, बसस्टॉपवर, कुठेही. "तुमच्या जुलाबांचं काय झालं?" हा प्रश्न त्यांनी एकदा एका हायकोर्टातल्या वकिलांना त्यांच्या होणाऱ्या व्याह्यांसमोर विचारला होता.

त्यांच्या घरात दर्शनी भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि बागेत रंगाच्या जुन्या डब्यांमध्ये तुळशी होत्या, एका ओळीत, अडुळसा आणि पुदिन्याच्या मध्ये. वृंदावन नाही, दिवा नाही, हळदकुंकू नाही. तुळस तिथे औषध म्हणून होती आणि वेळेवर छाटली जायची. गल्लीतल्या बायका आधी यावरून कुजबुजायच्या. मग त्यांच्या लक्षात आलं की द्वादशीला आपल्या दारातल्या तुळशीला हात लावायचा नसतो आणि खोकला काही पंचांग बघून येत नाही. त्या दिवशी त्या हळूच बाईंकडे यायच्या.

"जरा चार पानं तोडून द्या ना, बाई. आज द्वादशी. आम्हाला चालत नाही, तुमच्यात चालतं."

"आमच्यातही द्वादशीला खोकला येतो," बाई म्हणायच्या, आणि पानं तोडून द्यायच्या. पण कधीपासून, सुका की ओला, हे सगळं विचारून झाल्यावरच.

एक नियम मात्र त्या गल्लीतल्या सगळ्यात सोवळ्या बाईइतक्याच कडकपणे पाळायच्या. दिवस मावळला की झाडाला हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं, "तुम्ही पण हे मानता?" त्या म्हणाल्या, "अंधारात पान ओळखू येत नाही. यात मानायचं काय?" शेजारच्या एका तरुण जोडप्याने एकदा तिन्हीसांजेला कुंपणावरून हात घालून गुळवेल म्हणून मनी प्लांट तोडून नेला होता आणि त्याचा काढा करून घेतला होता. दोघांचे घसे आणि ओठ असे सुजले की फोनवर बोलणंही समजेना. बाईंनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि परत येऊन मनी प्लांट मुळासकट उपटला. त्याच्या कुंडीत नवी गुळवेल लावली, तिला कुंपणापासून हातभर लांब ठेवली.

सगळं कौतुकच सांगते आहे असं वाटू नये. बाई सहवासाला अवघड होत्या. वरच्या नळाचं पाणी जरा जास्त वाहिलं की खालून काठीने छताला ठोका बसायचा. सर्दी झाली की त्या जो काढा आणून द्यायच्या, तो प्यायल्यावर सर्दीपेक्षा काढ्याची भीती वाटून माणूस बरा व्हायचा. आणि दुनियेला डॉक्टरकडे पिटाळणाऱ्या या बाईंचे स्वतःचे गुडघे पार निकामी झाले होते. त्यांना निर्गुडीने शेकत बसायच्या, पण हाडांच्या डॉक्टरचं नाव काढू द्यायच्या नाहीत. मी एकदा धीर करून म्हटलं, "पाटीवर लिहा ना लाल अक्षरांत, बाईंच्या गुडघ्याला नाही." तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जिना तर त्या कधीच चढायच्या नाहीत. काही हवं असलं की फाटकातून हाक.

आता काविळीकडे येते.

पुरंदरकडच्या आमच्या गावात माझे वडील, आप्पा, काविळीची माळ देतात. त्यांच्या वडिलांनी दिली, आजोबांनी दिली. एका रानवेलीच्या ओल्या काड्यांचे छोटे तुकडे विशिष्ट गाठींनी दोऱ्यात ओवायचे, अशी ही माळ. रोग्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसवतात. मग ती दिवसागणिक लांबत जाते, कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, पोटावर. माळ उतरली की कावीळ उतरली. कोणती वेल, कोणती गाठ, हे आप्पांनी मलाही कधी सांगितलं नाही. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर गुण जातो. आणि माळ अंगावर असेपर्यंत सुई टोचायची नाही, नाहीतर ती उतरत नाही. दर रविवारी आमच्या अंगणात लांबलांबची माणसं बसलेली असायची. लहानपणी मला त्याचा फार अभिमान होता. आप्पा ओट्यावर बसून, ओठांत काही पुटपुटत माळ घालायचे, तेव्हा ते मला गावातले सगळ्यात मोठे गृहस्थ वाटायचे.

एप्रिलमध्ये माझ्या भावाचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज, जेवण बंद. मी घाबरून घरी फोन केला. आप्पा म्हणाले, "घाबरतीस कशाला? आपल्या घरचं औषध हाय." आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने पुण्यात हजर झाले, हातात ओल्या फडक्यात बांधलेलं पुडकं.

फाटकात बाईंनी त्यांना अडवलं. आप्पांनी मात्र रेघ बघितली आणि विचारायच्या आधीच पायताण काढलं. बाईंना ते आवडलेलं मला दिसलं. मग बराच वेळ दोघं बागेतून फिरत होते. आप्पा प्रत्येक झाडाला गावाकडचं नाव सांगत होते, बाई मान डोलावत होत्या, कधी 'आमच्या आईपण हेच म्हणायच्या' असं म्हणत होत्या. मी वरून बघत होते. वाटलं, चला, जमलं. दोघं भुईआवळीपाशी पोचले. त्या पाटीवर काळ्या अक्षरांत होतं, 'काविळीला देतात', आणि लाल अक्षरांत, 'आधी रक्त'.

"हे काय लिवलंय?" आप्पांनी विचारलं.

"रक्त तपासायचं. कावीळ हा रोग नाही, ती खूण आहे. आत काय बिघडलंय ते रक्त सांगतं."

"आमी डोळं बघून सांगतो."

"डोळे पिवळे आहेत एवढंच डोळे बघून कळतं, आप्पा. पुडक्यात माळ आहे ना?"

आप्पा ताठ झाले. "तीन पिढ्या देतोय. हजारोंनी माणसं बरी झाली."

"जी बरी झाली ती परत येऊन सांगतात. पेढे आणतात. जी परत आली नाहीत त्यांचं काय?"

"न्हाई आली म्हंजी बरी झाली."

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे खराब माल गेला तर तोही परत यायचा नाही. तो जिथे असेल तिथे फुटायचा. म्हणून आम्ही दारातून बाहेर जायच्या आधी तपासायचो."

मी जिन्यात उभी होते आणि मला दोघांचाही राग आला होता. आप्पांना कोणी असं बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि माझा भाऊ वर भिंतीकडे तोंड करून पडला होता. शेवटी बाईंनीच मार्ग काढला. "तुमची माळ घाला. मी आडवी येत नाही. फक्त रक्त आधी जाऊ दे. सुई आधी, माळ नंतर. तुमचा नियम मोडत नाही." यात आप्पांना नाही म्हणता येईना. "आणि मला एक माळ द्या," बाई पुढे म्हणाल्या. "अगदी तशीच. तुमच्या हातची."

"तुमाला कशाला?"

"बघायला."

आप्पांनी माळेला कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी ओट्यावर बसून त्याच काड्यांची, त्याच गाठींची दुसरी माळ ओवली आणि बाईंच्या हातात दिली.

रक्त गेलं. भावाच्या डोक्यावर माळ चढली. संध्याकाळी रिपोर्ट आला तो वाईट होता. डॉक्टर म्हणाले, उद्या सोनोग्राफी करा, थांबू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी ती करून आणली. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की आज भरती करा, दुर्बिणीने खडा काढावा लागेल, आता थंडी वाजून ताप यायला लागलाय म्हणजे आत पू होतोय. भाऊ रिक्षातून येताना कुडकुडत होता, एप्रिलच्या उन्हात. आणि माळ त्याच्या छातीपर्यंत आली होती.

कपडे घ्यायला म्हणून घरी आलो, तर आप्पांना ती माळच दिसली. "उतरतीया की!" ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. "हितवर आलीया. उद्यापरवा नाभीखाली जाईल. आता दवाखान्यात न्हेऊन सुई टोचली तर सगळं फुकट. दोन दिस थांब."

"आप्पा, डॉक्टर म्हणाले—"

"डाक्टर आत्ता आलं. माळ शंभर वर्सं हाय."

मी भावाकडे बघितलं. तो पंचविशीचा, कमावता, मोबाइलवर जगभरचं बघणारा. पण त्याच अंगणात वाढलेला. दात वाजत असताना तो म्हणाला, "आप्पा म्हणतील तसं. आप्पांनी काढल्याशिवाय मी माळ काढणार नाही." मी ओरडले. मग रडले. हात जोडले. काही उपयोग झाला नाही. आप्पा हट्टी नव्हते, त्यांना खरोखरच मुलगा बरा होताना दिसत होता.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, मग दुसरी. बाई वर येत होत्या. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हाताने छातीशी लोणच्याची बरणी धरलेली, चिनी मातीची, पांढरी-तपकिरी. वर आल्यावर त्यांना बोलता येईना इतकी धाप लागली होती. त्यांनी बरणी आप्पांच्या समोर फरशीवर ठेवली.

बरणीच्या झाकणावर त्यांनी आदल्या दिवशी आप्पांची दुसरी माळ घट्ट बसवली होती, डोक्यावर बसवतात तशी. तिच्यावर दिवसभर पंखा सोडला होता. ती माळ आता बरणीच्या गळ्यावरून, पोटावरून घसरून तळाशी फरशीवर सैल पडली होती. काड्या वाळून बारीक झाल्या होत्या आणि त्यांच्याभोवतीच्या गाठी सुटून दोरा लांबला होता.

"आप्पा," बाई म्हणाल्या, "लोणच्याची कावीळ उतरली."

माझा भाऊ त्या तापात हसला. हसताना कळवळला. आप्पा हसले नाहीत. ते खाली बसले. बरणीवरची माळ त्यांनी बोटांनी चाचपली, एक एक गाठ. मग मुलाच्या छातीवरची माळ चाचपली. दोन्हीकडे काड्या सारख्याच वाळल्या होत्या. मला वाटलं आता ते रागाने उठतील. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कातर हाय का?"

मी कात्री दिली. माळ कापून त्यांनी मुठीत घेतली आणि भावाला म्हणाले, "ऊठ. दवाखान्यात चल."

खडा निघाला. डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं की आणखी दिवस-दोन दिवस गेले असते तर काही हातात राहिलं नसतं. भाऊ भरती होता ते चार दिवस आप्पा दवाखान्याच्या बाकावर बसून होते आणि बाई रोज रिक्षाने यायच्या, सोबत भाताची पेज आणि आप्पांसाठी भाकरी. एकदा आप्पांनी विचारलं, "जी बरी झाली, ती मग कशानं झाली?"

"बहुतेकांची कावीळ आपली आपण जाते. तुम्ही त्यांना तेल-तिखट सोडायला लावलंत, निजून राहायला लावलंत, ऊन टाळायला लावलंत. तेवढं तुमचं."

"अन् जी परत न्हाई आली?"

बाईंकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, आणि बहुतेक वेळा ते झोंबायचं. या वेळी मात्र त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला आणि तशाच बसून राहिल्या. माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

भाऊ घरी आल्यावर आप्पा गावी गेले. शनिवारी त्यांचा फोन आला. "बाईंस्नी इचार. उद्या रविवार. मानसं येतील. मी काय सांगू?"

मी खाली जाऊन विचारलं. बाई अडुळशाला पाणी घालत होत्या. "मी कोण सांगणार?" म्हणाल्या. झारी खाली ठेवली. "पण गाडी ठरव. मी येते."

आम्ही पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. पिवळ्या डोळ्यांची माणसं, त्यांचे नातेवाईक, नारळ, हार. आप्पांनी बाईंसाठी खुर्ची मागवली. मग स्वतः ओट्यावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"आज माळ न्हाई," ते म्हणाले.

लोकांना वाटलं वेल मिळाली नसेल. कोणी म्हणालं, पुढच्या रविवारी येऊ.

"पुढच्या रविवारीबी न्हाई. माझ्या पोराला घातली व्हती. माळ उतरत व्हती अन् पोरगं मरत व्हतं. मीच तोडली."

मग मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "असं कसं आप्पा? तुमच्या बापानं माझ्या बापाला बरं केलं व्हतं."

"बरा झाला व्हता, खरं हाय," आप्पा म्हणाले. "पर कशानं झाला, ते मला ठावं न्हाई. माझ्या बापालाबी ठावं नसंल. आधी रक्त बघा. मग पथ्य मी सांगतो, घरी येऊन सांगतो. माळ न्हाई."

दोघेतिघे रागाने उठून गेले. कोणी हार ओट्यावर ठेवून गेलं, कोणी परत नेला. आप्पा तसेच उभे होते, आणि मला त्यांचा लहानपणी वाटायचा त्याहून कितीतरी जास्त अभिमान वाटला. तेवढ्यात कोपऱ्यातली एक बाई पुढे आली. तिच्यामागे तिची सून होती, पोटुशी, सात-आठ महिन्यांची, डोळे हळदीसारखे. सासूचा आवाज रडवेला झाला होता. "मग आमी आता कुनाकडं जायाचं? तुमीच सांगा."

बाई खुर्चीतून उठल्या. गुडघ्यांनी दगा दिला, मी धरायला गेले तर माझा हात झटकला. सुनेजवळ जाऊन त्यांनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, झोप किती येते विचारलं, लघवीचा रंग विचारला. सून उत्तर देता देता मध्येच विसरत होती, काय विचारलं ते पुन्हा विचारत होती.

"तालुक्याचा दवाखाना किती लांब आहे?" बाईंनी विचारलं.

"अर्धा तास."

"चला. गाडी दारात आहे."

सासू-सुनेला मागे बसवलं, बाई त्यांच्या शेजारी बसल्या. आप्पांनी टोपी घातली आणि काही न विचारता पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मला जागा उरली नाही. मी म्हटलं, "मी काय करू?"

बाईंनी काच खाली केली. "अजून माणसं येतील. तू इथे थांब आणि आप्पा काय म्हणाले ते त्यांना सांग."

"माझं कोण ऐकणार?"

"नाही ऐकलं तर पुन्हा सांग."

गाडी गेली. मी ओट्यावर, आप्पांच्या जागेवर जाऊन बसले. त्या जागेवर आमच्या घरातली बाई कधी बसली नव्हती. अंगणात उरलेली माणसं माझ्याकडे बघत होती, आणि वेशीकडून एक मोटारसायकल येत होती. मागे बसलेल्या माणसाने भर उन्हात अंगावर घोंगडी घेतली होती. ते दोघे फाटकाशी उतरले, नारळाची पिशवी सावरत आत आले आणि विचारू लागले, माळ देणारे आप्पा कुठं आहेत.

"ते एका पोटुशीला घेऊन दवाखान्यात गेलेत," मी म्हटलं. "तुम्ही बसा. आधी मला सांगा, रक्त तपासलंय का?"